गादी मिळाली, पण हक्काचं काय? हेन्री चौथ्याचा धडा शिकवताना



इंग्लंडच्या मध्ययुगीन इतिहासात परीक्षेला हमखास येणारा एक प्रश्न आहे : "गादीवर आल्यानंतर राजा चौथा हेन्री याच्यापुढे कोणकोणती आव्हाने होती?" आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत शिकणारी आपली काही मुलं, परदेशात वाढणारी मराठी घरांतली मुलं आणि शेक्सपिअरच्या निमित्ताने हा राजा भेटणारे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, या सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो. गाइडमध्ये उत्तर तयारच असतं. एक, वेल्समधलं बंड. दोन, पर्सी घराण्याचं बंड. तीन, स्कॉटलंड. चार, फ्रान्स. पाच, पैशाची टंचाई. सहा, पार्लमेंटचा विरोध. सात, आजारपण. मुलं हे सात मुद्दे पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि आठवड्याभरात विसरतात.

माझं मत थोडं वेगळं आहे आणि या लेखात ते मांडायचं आहे. हेन्रीपुढे सात आव्हानं नव्हती, एकच होतं. "तू राजा कुठल्या हक्काने?" या प्रश्नाचं पक्कं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. बाकी सगळ्या अडचणी त्या एका प्रश्नातून निघाल्या किंवा त्या प्रश्नामुळे मोठ्या झाल्या. हे मुलांच्या एकदा लक्षात आलं की मुद्दे पाठ करायची गरजच राहत नाही, एकातून दुसरा आपोआप सुचत जातो.

आधी भाऊबंदकी समजून घेऊ

तिसरा एडवर्ड हा इंग्लंडचा बलाढ्य राजा. त्याच्या मोठ्या झालेल्या मुलांपैकी थोरला एडवर्ड, ज्याला 'ब्लॅक प्रिन्स' म्हणतात. दुसरा लायोनेल. तिसरा जॉन ऑफ गाँट, लँकेस्टरचा ड्यूक. थोरला मुलगा बापाच्या आधी वारला, म्हणून १३७७ मध्ये गादी आली नातवाकडे, दहा वर्षांच्या रिचर्डकडे. हा दुसरा रिचर्ड. आपला हेन्री हा जॉन ऑफ गाँटचा मुलगा, म्हणजे रिचर्डचा सख्खा चुलत भाऊ. दोघांचा जन्म एकाच वर्षी, १३६७ मध्ये झालेला. इतिहासात त्याला जन्मगावावरून हेन्री बोलिंगब्रोक म्हणतात.

दोघांत पहिल्यापासून फारसं सख्य नव्हतं. १३८७-८८ मध्ये रिचर्डच्या मर्जीतल्या लोकांविरुद्ध पाच मोठे सरदार उभे राहिले, त्यांत हेन्री होता. रिचर्डने ते मनात ठेवलं. १३९८ मध्ये हेन्री आणि नॉरफोकचा ड्यूक थॉमस मोब्रे यांच्यात राजद्रोहाच्या आरोपावरून वाद झाला. कॉव्हेंट्रीला द्वंद्वयुद्ध ठरलं. ऐन वेळी रिचर्डने ते थांबवलं आणि दोघांनाही देशाबाहेर काढलं. मोब्रेला जन्मभरासाठी, हेन्रीला दहा वर्षांसाठी.

फेब्रुवारी १३९९ मध्ये जॉन ऑफ गाँट वारला. इथे रिचर्डने सगळ्यात मोठी चूक केली. त्याने लँकेस्टरची अफाट जहागीर ताब्यात घेतली आणि हेन्रीची हद्दपारी आजन्म केली. वर्गात इथे जरा थांबावं आणि मुलांना विचारावं, "या निर्णयाने फक्त हेन्रीच चिडला असेल का?" उत्तर सोपं आहे. देशातल्या प्रत्येक जमीनदाराच्या पोटात गोळा आला असणार. आज लँकेस्टरची जमीन गेली, उद्या आपली. बापाची इस्टेट मुलाला मिळते हा नियम राजाच मोडायला लागला, तर मग कुणाचं काय सुरक्षित?

त्या उन्हाळ्यात रिचर्ड फौज घेऊन आयर्लंडला गेला. जुलैच्या सुरुवातीला हेन्री थोड्याशा माणसांनिशी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रेव्हन्सपरला उतरला. उत्तरेतले दोन बडे सरदार, नॉर्थंबरलंडचा अर्ल हेन्री पर्सी आणि वेस्टमोरलंडचा अर्ल राल्फ नेव्हिल, त्याला येऊन मिळाले. राजाच्या माघारी कारभार बघणारा काका, यॉर्कचा ड्यूक, फारसा न लढताच त्याच्या बाजूला झाला. रिचर्ड परत येईपर्यंत डाव संपला होता. ऑगस्टमध्ये वेल्समधल्या फ्लिंटच्या किल्ल्यात तो हेन्रीच्या हाती लागला. ३० सप्टेंबर १३९९ रोजी लंडनच्या सभेत रिचर्डचा राजत्याग वाचून दाखवला, त्याला पदच्युत केलं आणि हेन्रीने गादीवर दावा सांगितला. १३ ऑक्टोबरला राज्याभिषेक झाला.

जेमतेम तीन महिन्यांत राज्य हातात आलं. ते टिकवायला मात्र पुढची साडेतेरा वर्षं लागली.

हक्क कुठला?

हेन्रीने आपला दावा त्या सभेत इंग्रजीत मांडला, लॅटिन किंवा फ्रेंचमध्ये नाही. त्यात त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या. पहिली, आपण तिसऱ्या हेन्री राजाच्या रक्ताचे. दुसरी, देवाने नातलग आणि मित्रांच्या मदतीने आपल्याला यश दिलं. तिसरी, राज्य कारभाराअभावी आणि कायदे मोडल्यामुळे बुडायला आलं होतं. शिवाय जमलेल्या सरदार, धर्मगुरू आणि लोकांनी होकार भरला.

मुलांना हे तिन्ही मुद्दे तपासायला लावावेत.

रक्ताचा मुद्दा घ्या. हेन्री आजोबांचं, म्हणजे तिसऱ्या एडवर्डचं, नाव सोडून इतकं मागे तिसऱ्या हेन्रीपर्यंत का गेला? कारण आजोबांपासून मोजलं तर लायोनेलची शाखा त्याच्या आधी येते. लायोनेलच्या मुलीच्या वंशातला एडमंड मॉर्टिमर, मार्चचा अर्ल, तेव्हा जिवंत होता. वय अवघं सात! म्हणून हेन्रीच्या बाजूच्यांनी एक जुनी दंतकथा पुढे केली. तिसऱ्या हेन्रीचा थोरला मुलगा खरं तर एडमंड, पहिला एडवर्ड हा धाकटा, आणि हेन्री बोलिंगब्रोकची आई त्या एडमंडच्या वंशातली. आता फळ्यावर दोन सनावळ्या लिहा. एडवर्डचा जन्म १२३९, एडमंडचा १२४५. दंतकथा तिथेच संपली! सनावळ्या पाठ करून काय उपयोग, असं मुलं विचारतात ना, त्यांच्यासाठी हे छान उदाहरण आहे. दोन आकडे एका राजाचा दावा पाडू शकतात.

यात आणखी एक गंमत आहे. मॉर्टिमरचा हक्क बाईकडून आलेला म्हणून कमी धरायचा, तर हेन्रीचा हा दावाही आईकडूनच आलेला होता.

दुसरा मुद्दा यशाचा. जिंकलो म्हणून राजा, असं म्हटलं तर उद्या दुसरा कुणी जिंकला तर? तिसरा मुद्दा लोकांच्या होकाराचा. सभेने राजा केलं असेल, तर सभा राजाला जाबही विचारू शकते. म्हणजे तिन्ही आधार होते, पण एकही पुरेसा नव्हता, आणि प्रत्येकातून पुढचं एकेक दुखणं निघणार होतं. माझ्या मते या धड्याचं मर्म इथे आहे. हे नीट समजावलं की बाकीचा धडा मुलंच पुढे नेतात.

जुन्या राजाचं काय करायचं?

सुरुवातीला हेन्री सौम्य वागला. रिचर्डच्या मर्जीतल्या सरदारांच्या नव्या पदव्या काढून घेतल्या, पण त्यांना जिवंत आणि मोकळं ठेवलं. तीन महिनेही झाले नाहीत, तोच जानेवारी १४०० मध्ये त्याच लोकांनी कट केला. विंडसरला राजा आणि राजपुत्रांना पकडायचं आणि रिचर्डला परत गादीवर बसवायचं. कट आधीच फुटला. हेन्री लंडनला निसटला. केंट आणि सॉल्सबरीच्या अर्लना सायरेनसेस्टर गावच्या लोकांनीच पकडून मारलं.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. रिचर्ड जिवंत असेपर्यंत बंडाला निशाण तयार आहे. फेब्रुवारीत पाँटफ्रॅक्टच्या किल्ल्यात रिचर्ड मेला. उपासमारीने मेला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. तो खरंच मेला हे लोकांना पटावं म्हणून त्याचं शव लंडनला आणून सेंट पॉल चर्चमध्ये तोंड उघडं ठेवून दाखवलं.

तरी लोकांना पटलं नाही. रिचर्ड स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे, अशी अफवा वर्षानुवर्षं चालू राहिली. स्कॉटलंडच्या दरबारात एक तोतया रिचर्ड खरोखरच पोसला जात होता. पानिपतानंतरच्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट ज्या मुलांना माहीत आहे, त्यांना हे लगेच कळतं. रिचर्ड जिवंत आहे असं सांगत फिरणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंना १४०२ मध्ये फाशी दिलं गेलं. जिवंत रिचर्डला कोंडून ठेवता आलं, पण अफवेला कोठडीत कसं घालणार?

ज्यांनी चढवलं, तेच उलटले

या धड्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पर्सी घराण्याचा आहे. गाइडमध्ये 'पर्सींचे बंड' एवढंच लिहिलेलं असतं. पण हे लोक परके नव्हते. हेन्रीला गादीवर बसवण्यात सर्वांत मोठा हात यांचाच होता. मग चार वर्षांत असं काय बिघडलं?

एक म्हणजे पैसा. स्कॉटलंडची सरहद्द राखायचं काम पर्सींकडे होतं आणि त्याची थकबाकी वाढतच होती. दुसरं, सप्टेंबर १४०२ मध्ये होमिल्डन हिलच्या लढाईत अर्लने आणि त्याच्या मुलाने, म्हणजे हॉटस्परने, स्कॉटलंडचा धुव्वा उडवला आणि अर्ल ऑफ डग्लससारखे बडे कैदी पकडले. अशा कैद्यांच्या खंडणीवर पकडणाऱ्याची कमाई असायची. हेन्रीने कैदी आपल्याकडे द्या म्हणून हुकूम सोडला. हॉटस्परने डग्लसला द्यायला नकार दिला.

तिसरं कारण जास्त खोलवर जातं. त्याच वर्षी वेल्समधल्या बंडखोरांनी एडमंड मॉर्टिमर नावाच्या सरदाराला पकडलं. हा त्या छोट्या मार्चच्या अर्लचा काका आणि हॉटस्परचा मेहुणा. बंडखोरांच्या हाती लागलेल्या लॉर्ड ग्रेची खंडणी भरून हेन्रीने त्याला सोडवू दिलं, पण मॉर्टिमरची खंडणी मात्र भरू दिली नाही. का? कारण आडनाव मॉर्टिमर! गादीवर ज्याच्या घराण्याचा हक्क आपल्याहून बळकट, त्याला पैसे देऊन कशाला सोडवा? हिशेब म्हणून बरोबर वाटतो, पण झालं भलतंच. मॉर्टिमरने बंडखोरांच्या पुढाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं आणि तो उघडपणे त्यांना मिळाला. हॉटस्पर आधीच चिडलेला होता, तोही फिरला.

२१ जुलै १४०३ रोजी श्रूसबरीला मोठी लढाई झाली. हॉटस्पर मारला गेला. सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने खास हत्यार बनवून तो बाहेर काढला. मुलांना ही गोष्ट फार आवडते, जरूर सांगा. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंड करताना पर्सींनी केलेला आरोप. तू १३९९ मध्ये आम्हाला शपथेवर सांगितलंस की मी फक्त माझी जहागीर घ्यायला आलोय आणि मग गादीच घेतलीस, असं त्यांचं म्हणणं होतं. शपथेबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पर्सींना हेन्रीविरुद्ध उभं राहायला तोच युक्तिवाद पुरला, जो हेन्रीने रिचर्डविरुद्ध वापरला होता : राजाने शब्द मोडला. एकदा ही वाट पडली की त्या वाटेने दुसऱ्याला जाऊ नको असं कुठल्या तोंडाने सांगणार?

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. शेक्सपिअरच्या नाटकात हॉटस्पर आणि राजपुत्र बरोबरीच्या वयाचे दिसतात. प्रत्यक्षात हॉटस्परचा जन्म १३६४ चा, म्हणजे तो राजपुत्राच्या बापापेक्षाही मोठा होता. नाटकातून इतिहास शिकवताना एवढं भान ठेवावं.

वेल्स : छोट्या भांडणाचं मोठं युद्ध

ओवेन ग्लिनडूर हा वेल्सचा जुना खानदानी जमीनदार. शेजारच्या लॉर्ड ग्रेशी जमिनीवरून त्याचा वाद होता. सप्टेंबर १४०० मध्ये त्याने स्वतःला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून जाहीर केलं. पार्लमेंटने वेल्श लोकांविरुद्ध कडक कायदे केले, त्यामुळे आग विझायच्या ऐवजी पसरली. १४०४ पर्यंत हार्लेख आणि अबेरिस्टविथ हे भक्कम किल्ले ग्लिनडूरच्या हातात होते, त्याने मखन्लेथला स्वतःचं पार्लमेंट भरवलं आणि फ्रान्सशी तह केला. १४०५ मध्ये फ्रेंच फौज वेल्समध्ये उतरली आणि थेट वूस्टरच्या जवळ आली.

आता प्रश्न असा, की जमिनीचा वाद रिचर्डच्या काळात झाला असता तर एवढा पेटला असता का? माझ्या मते नाही. ग्लिनडूरला मॉर्टिमर मिळाला, पर्सी मिळाले, फ्रान्स मिळाला, कारण या सगळ्यांना हेन्री 'खरा राजा' नाही असं म्हणायची सोय होती. फ्रान्सच्या राजाची लहानगी मुलगी इझाबेला ही रिचर्डची राणी होती. जावयाची गादी घेणाऱ्याला सासरा राजा म्हणून कसा मान देणार? १४०५ मध्ये ग्लिनडूर, मॉर्टिमर आणि म्हातारा नॉर्थंबरलंड यांनी इंग्लंड-वेल्सचे तीन वाटे करायचा करारसुद्धा केला. शेवटी १४०८-०९ मध्ये दोन्ही किल्ले परत घेतले गेले. ग्लिनडूर मात्र कधीच हाती लागला नाही.

तिजोरी आणि पार्लमेंट

गादीवर येताना हेन्रीबद्दल लोकांची अपेक्षा होती की आता कर कमी होतील. याची स्वतःची लँकेस्टरची जहागीरच एवढी मोठी, त्यावरच राजाने भागवावं. पण मदत करणाऱ्यांना बक्षिसं द्यावी लागली, सतत लढाया चालू राहिल्या. १४०७ मध्ये तर कॅलेच्या शिबंदीने पगार थकला म्हणून व्यापाऱ्यांची लोकर अडकवून ठेवली.

पैसा हवा म्हणजे पार्लमेंट बोलवा, आणि पार्लमेंट आलं की प्रश्न विचारणार. १४०६ चं पार्लमेंट मार्चपासून डिसेंबरपर्यंत, मधल्या सुट्ट्या धरून, रेंगाळलं. तोपर्यंत एवढं लांबलेलं पार्लमेंट इंग्लंडने पाहिलं नव्हतं. कॉमन्स सभेने हिशेब मागितले, राजाच्या घरखर्चावर बोट ठेवलं, मंडळाच्या सल्ल्याने कारभार करा म्हणून अटी घातल्या. हेन्रीला मान्य करावं लागलं. १४०७ मध्ये करमंजुरीबाबत कॉमन्स सभेचा पुढाकारही त्याने मान्य केला.

इथे मुलांना त्या सप्टेंबरच्या सभेची आठवण करून द्या. ज्यांच्या होकाराने राजा झालास, त्यांना हिशेब द्यायला नाही कसं म्हणशील?

अजून एक बारीकसा तपशील मला फार बोलका वाटतो. राजा झाल्यावर हेन्रीने लँकेस्टरची जहागीर राजगादीच्या मालमत्तेत मिसळली नाही, वेगळी ठेवली. उद्या गादी गेली तरी घरची इस्टेट राहावी, असा विचार त्यामागे असावा. ती व्यवस्था आजही चालू आहे, डची ऑफ लँकेस्टर अजूनही वेगळीच आहे. मुकुट डोक्यावर असतानाही माणूस किती धास्तावलेला होता, हे यातून कळतं.

आर्चबिशप, आजार आणि मुलगा

१४०५ मध्ये यॉर्कचे आर्चबिशप रिचर्ड स्क्रूप लोकांच्या तक्रारी घेऊन उभे राहिले. बरोबर होता हद्दपार मोब्रेचा तरुण मुलगा. वेस्टमोरलंडने बोलणी करतो असं सांगून त्यांची माणसं घरी पाठवायला लावली आणि दोघांना पकडलं. ८ जूनला दोघांचा शिरच्छेद झाला. मुख्य न्यायाधीश गॅस्कॉइन यांनी आर्चबिशपना शिक्षा सुनावायला नकार दिला, असं सांगितलं जातं. सगळा युरोप हादरला. यॉर्कला स्क्रूप यांच्या समाधीवर लोक संतासारखे जायला लागले. त्याच सुमारास हेन्री आजारी पडला आणि पुढे खंगतच गेला. लोक म्हणाले, देवाने शिक्षा दिली. 'देवाने मला यश दिलं' हा ज्याचा दावा, त्याच्यावर तोच देव असा उलटवला गेला.

आजारपणात कारभार राजपुत्राच्या हातात गेला. १४१० आणि १४११ मध्ये मंडळावर त्याचंच वर्चस्व होतं. शेवटी हेन्रीने त्याला बाजूला केलं. गादी कशी घेता येते हे बापाला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं, त्यामुळे मुलाबद्दल धाकधूक वाटली असेल तर नवल नाही. २० मार्च १४१३ रोजी, पंचेचाळिशीत, वेस्टमिन्स्टरच्या जेरुसलेम चेंबर नावाच्या दालनात हेन्री वारला.

मग तो अपयशी होता का?

इथे माझं अनेकांशी मतभेद होतो. 'दुबळा, सतत अडचणीत सापडलेला राजा' असं त्याचं चित्र रंगवलं जातं. मला ते पटत नाही. बंडं एकामागून एक आली, त्याने सगळी मोडली. पार्लमेंटशी भांडला, पण रिचर्डसारखं त्याला चिरडायला गेला नाही, वाटाघाटी केल्या. स्वतःच्या बिछान्यात मेला आणि मुलगा कुठलाही तंटा न होता गादीवर बसला. जबरदस्तीने गादी घेतलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण म्हणून जे केलं ते बरोबर होतं, असंही मला म्हणायचं नाही. हेन्री ते कर्ज फेडू शकला नाही, फक्त पुढे ढकलू शकला. १४१५ मध्ये पाचवा हेन्री फ्रान्सच्या मोहिमेवर निघताना मॉर्टिमरला राजा करायचा कट झाला. तो मॉर्टिमरनेच जाऊन सांगितला म्हणून फसला. पुढे हाच मॉर्टिमरचा हक्क यॉर्क घराण्याकडे आला, १४६० मध्ये त्यांनी तो उघडपणे मांडला, आणि १४६१ मध्ये हेन्रीचा नातू सहावा हेन्री गादीवरून गेला. गुलाबांच्या युद्धांना आणखीही कारणं होती, पण हा प्रश्न १३९९ पासून तसाच पडून होता.

वर्गात कसं घ्यावं

काही शिक्षक म्हणतील, "हे सगळं ठीक आहे, पण पेपरात मुद्द्यांनाच मार्क असतात." मान्य. मुद्दे लिहूच द्या. फक्त प्रत्येक मुद्द्याखाली एक वाक्य जोडायला सांगा : 'याचा हेन्रीच्या हक्काशी काय संबंध?' नुसती यादी आणि विचार केलेलं उत्तर यांत याच एका वाक्याचा फरक असतो.

काही उपक्रम सुचवतो :

१. फळ्यावर मधोमध 'हक्क कुठला?' असं लिहून गोल काढा. प्रत्येक गटाला एक मुद्दा द्या. तो मुद्दा बाणाने मधल्या गोलाला जोडायचा आणि बाणावर कारण लिहायचं. जोडता आला नाही तर तसंही सांगायचं. त्यावरून छान वाद होतो.

२. वंशावळ काढायला लावा आणि मग विचारा, मुलीकडून आलेला हक्क धरायचा की नाही? दोन्ही बाजूंनी बोलू द्या.

३. हॉटस्पर, कॉमन्स सभेचा एक सभासद आणि सायरेनसेस्टरचा एक गावकरी यांच्या वतीने राजाला दहा ओळींचं पत्र लिहायला सांगा. एकच राजा तिघांना किती वेगळा दिसतो, हे मुलांना लिहितानाच समजतं.

४. 'रिचर्डने जहागीर जप्त केली नसती तर?' यावर चर्चा घ्या. रिचर्डची बाजूही कुणीतरी मांडायलाच हवी.

पालकांसाठी थोडंसं

मुलं घरी येऊन विचारतील, "हा राजा चांगला की वाईट?" लगेच उत्तर देऊ नका. "कुणाच्या दृष्टीने?" असं उलट विचारा. ज्याची जहागीर लुटली गेली त्या मुलाच्या दृष्टीने, उपाशी मेलेल्या रिचर्डच्या दृष्टीने, की फक्त राजाचं नातं लागतं म्हणून बालपण पहाऱ्यात काढलेल्या मॉर्टिमरच्या दृष्टीने? त्या सात वर्षांच्या पोराने काय गुन्हा केला होता?

'जो जिंकला तो राजा, विषय संपला' असं मुलांना फार लवकर वाटायला लागतं. सिनेमा बघून वाटतं, खेळ बघून वाटतं, आजूबाजूचं जग बघूनही वाटतं. हेन्री चौथ्याचा धडा त्यांना सांगतो की विषय जिंकल्यावर संपत नाही, तिथून सुरू होतो. अन्याय झाला म्हणून उभं राहणं एक आणि त्या निमित्ताने सगळंच घेऊन टाकणं दुसरं. हेन्रीच्या बाबतीत या दोन गोष्टींमधली रेघ नेमकी कुठे ओलांडली गेली, रेव्हन्सपरला, फ्लिंटला की पाँटफ्रॅक्टला, हे मुलांना ठरवू द्या. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. आलंच पाहिजे.

तुमच्या वर्गात हा धडा घेतलात तर मुलांनी ती रेघ कुठे काढली, ते जरूर कळवा.